ताटातील मासळी आणि खाडीतील पारा

पारा मराठी माणसाला परका नाही. रागीट माणसाचा पारा चढतो. तापकऱ्याच्या तापमापकातला पारा उतरला म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि चंचल मनाला पाऱ्याची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आयुर्वेदातील रसशास्त्र तर पाऱ्याभोवतीच उभे राहिले. परंतु हाच पारा डोळ्यांना न दिसता, जिभेला न कळता आपल्या जेवणाच्या ताटात येऊ शकतो, आणि तोही मासळीच्या तुकडीतून, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत मासळी म्हणजे नुसते तोंडी लावणे नव्हे. गिरणीत पोट भरायला आलेल्या कोकणी माणसाने गाव मागे ठेवला, पण कालवण बरोबर आणले. म्हणून या विषयाकडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. एक, वर्तमानपत्रातील एखादा मथळा वाचून मासळी वर्ज्य करणे. आणि दुसरे, ‘आमचे वाडवडील खात आले, त्यांना काही झाले नाही’ असे म्हणून विषयच झटकून टाकणे. वाडवडिलांची खाडी आणि आजची खाडी एक नव्हे, हे ध्यानात ठेवून आपण या प्रश्नाचा विचार करू.

पाऱ्याची तीन रूपे

पारा एक, पण त्याची रूपे निरनिराळी, आणि रूपाप्रमाणे त्याचा स्वभावही निराळा. तापमापकातला चकाकणारा पारा चुकून गिळला गेला तर आतड्यातून तो जवळजवळ शोषलाच जात नाही. त्याची वाफ मात्र घातक. श्वासावाटे गेलेल्या वाफेचा बहुतेक भाग रक्तात उतरतो. म्हणून फुटलेल्या तापमापकातील पाऱ्याच्या गोळ्या मुलांना खेळायला देऊ नयेत. दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे. त्यांचा मुख्य आघात मूत्रपिंडांवर होतो. तिसरे रूप सेंद्रिय पाऱ्याचे, आणि त्यातही मिथिल पारा हा आपल्या आजच्या कथेतला खरा खलपुरुष होय. अन्नातून पोटात गेलेला मिथिल पारा जवळजवळ सगळाच शोषला जातो. मेंदूचे रक्षण करणारा पडदा तो ओलांडतो आणि गर्भवतीच्या वारेतूनही पलीकडे जातो. शरीरातून तो बाहेर पडतो, पण फार संथपणे. निम्मा उतरायला सुमारे दोन महिने लागतात.

हा मिथिल पारा कोणी मुद्दाम खाडीत ओतलेला असतो असे नाही. कारखान्यातून वा कोळशाच्या धुरातून आलेला साधा पारा पाण्याच्या तळाशी गाळात बसतो. तेथे हवा पोचत नाही. अशा काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात राहणारे काही सूक्ष्म जंतू त्या पाऱ्याला मिथिल पाऱ्याचे रूप देतात. ही गोष्ट स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ साली दाखवून दिली. तोवर समजूत अशी होती, की पारा जड आहे, तळाशी जाऊन बसला म्हणजे पीडा टळली. प्रत्यक्षात पीडेचा आरंभच तेथून होतो.

लहान मासा, मोठा मासा

गाळातून सुटलेला मिथिल पारा पाण्यात फारच थोडा असतो. तो सूक्ष्म वनस्पतींत शिरतो. त्या वनस्पती बारीक जीव खातात, ते जीव लहान मासे खातात, लहानांना मोठे गिळतात. प्रत्येक पायरीवर खाणारा अन्न पचवून टाकतो; पारा मात्र त्याच्या मांसात मागे उरतो. घरखर्च भागवून रोज एक पैसा डब्यात टाकणाऱ्या माणसाप्रमाणे मासा आयुष्यभर ही पुंजी साठवतो, आणि त्याला गिळणारा मासा ती सगळी पुंजी एका घासात मिळवतो. अशा रीतीने शिडीच्या टोकावरील माशाच्या मांसात पाऱ्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत चढू शकते.

यावरून बाजारात उपयोगी पडेल असा एक साधा नियम निघतो. जो मासा वयाने थोडा, आकाराने लहान आणि शिडीच्या खालच्या पायरीवर जेवणारा, त्याच्यात पारा कमी. तारली, बांगडा, पापलेट, मांदेली, करंदी, जवळा ही मंडळी या वर्गातली. बोंबील स्वतः शिकारी खरा, पण त्याचे आयुष्य थोडके, त्यामुळे त्याची पुंजीही थोडकी. उलट मोठा शार्क, मोठा कुपा, तलवारीसारख्या चोचीचे मोठे समुद्री मासे हे पुष्कळ वर्षे जगतात आणि दुसऱ्या माशांवर पोसतात. त्यांच्यात पारा अधिक.

येथे गृहिणी विचारतील, की मासळी चांगली धुतली, हळदमीठ लावून ठेवली, कोकम घातले, खरपूस तळली, तर हे विष जाणार नाही काय? दुर्दैवाने नाही. मिथिल पारा चरबीत नव्हे, तर मांसातील प्रथिनांना घट्ट चिकटून असतो. कातडे काढून वा चरबी टाकून तो जात नाही. सुकवल्याने तर पाणी उडते आणि तोळ्यामागे पाऱ्याचे प्रमाण वाढते. तेव्हा इलाज चुलीपाशी नाही. तो बाजारात निवड करताना आहे, आणि त्याहून अधिक कारखान्याच्या मोरीपाशी आहे.

मिनामाताचा धडा

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे एक गाव आहे. तेथील रसायनांच्या कारखान्यात १९३२ सालापासून एका प्रक्रियेत पारा वापरीत आणि सांडपाणी उपसागरात सोडीत. १९५० नंतर कोळ्यांच्या वस्तीतील मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, गरगर फिरून मरू लागली. पाठोपाठ माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले. बोलणे अडखळू लागले. दृष्टी आक्रसून नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागले. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातून या अनोळखी रोगाची वर्दी सरकारदरबारी गेली. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी कारखान्याचे डॉक्टर होसोकावा यांनी तेथले सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच रोग उत्पन्न होतो हे पाहिले. तो प्रयोग दडपला गेला. पाऱ्याचे पाणी उपसागरात पडायचे थांबले ते १९६८ साली. मधली नऊ वर्षे माणसे तीच मासळी खात राहिली. अधिकृतपणे मान्य झालेल्या रोग्यांची संख्या पुढे दोन हजारांवर गेली.

सर्वांत करुण भाग गर्भातील मुलांचा. आईला फारसे काही झालेले नसे, आणि मूल मात्र जन्मतःच पंगू निघे. आईच्या रक्तातला पारा वारेतून मुलाकडे जात होता. गर्भाच्या रक्तात तो आईपेक्षाही अधिक साठतो. मुलाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची जपानी घरांत रीत आहे. पुढे संशोधकांनी त्या नाळा मिळवून तपासल्या आणि त्यांत पारा सापडला. आयांनी मायेने जपलेली वस्तू पुराव्याच्या कामी आली.

आपल्या दाराशी

आता दूरदेशाकडून घराकडे येऊ. उल्हास नदी घाटावरून उतरते, कर्जत, बदलापूर, कल्याण करीत खाडी होते. तिचे मुख्य मुख वसईकडे आहे. एक चिंचोळा फाटा ठाण्याहून ठाणे खाडीला मिळतो, आणि त्याच खाडीच्या काठावर आपले शिवडी आहे. कल्याणच्या परिसरात रेयॉन व रसायनांचे कारखाने उभे राहिले. रेयॉन, साबण, कापड या साऱ्यांना कॉस्टिक सोडा लागतो. तो करण्याची जुनी पद्धत अशी, की मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि वेगळे होणारे सोडियम वाहत्या पाऱ्यात पकडायचे. पारा पुन्हा पुन्हा वापरता येतो. पण दर फेरीला थोडा निसटतो, आणि निसटलेला नदीनाल्याची वाट धरतो.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतील पाऱ्यासंबंधी १९८१ साली निबंध प्रसिद्ध केला. उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या गाळात पाऱ्याचा साठा आढळला आणि त्याचा संबंध कॉस्टिक सोड्याच्या या कारखानदारीशी लागला. २००३ सालीच केंद्र सरकार व कारखानदार यांच्यात झालेल्या सनदेत ही जुनी पद्धत टाकण्याचे ठरले, आणि देशातील कारखाने बिनपाऱ्याच्या, पडद्याच्या पद्धतीकडे वळले. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नळ बंद केला म्हणून सांडलेले पाणी पुसले जात नाही. खाडीचा गाळ हा आपल्या कारखानदारीचा जमाखर्च आहे. तो ढवळला की जुनी पाने पुन्हा वर येतात.

याची झळ सर्वांत आधी कोणाला लागते? भाऊच्या धक्क्यावर उतरणारी बहुतेक मासळी खुल्या समुद्रातली असते. खाडीच्या चिखलातील निवट्या, चिंबोऱ्या, कालवे, बोय यांवर ज्यांचे रोजचे जेवण आणि रोजचा धंदा चालतो, ते खाडीकाठचे कोळी आणि आगरी. कारखान्याचा नफा त्यांच्या घरी गेला नाही. मळ तेवढा त्यांच्या जाळ्यात आला.

पशुपक्ष्यांचीही तीच गत. स्वीडनमध्ये बियाण्याला पाऱ्याचे औषध चोळीत. ते दाणे टिपणारे पक्षी मेले, मग त्या पक्ष्यांवर जगणारे ससाणे व घुबडे मेली. संग्रहालयांतील जुनी पिसे तपासली तेव्हा १९४० नंतर त्यांतला पारा एकदम वाढल्याचे दिसले, आणि १९६६ साली ते औषध बंद झाले. आपल्या खाडीवर दरसाल हजारो रोहित पक्षी येतात. तेथील अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, आणि २०२२ साली त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. लहान रोहित शेवाळे खातो, म्हणजे शिडीच्या खालच्या पायरीवर आहे. त्याच खाडीवर मासे मारणारे बगळे, पाणकावळे आणि घारी मात्र आपल्याबरोबर वरच्या पायरीवर बसलेल्या आहेत.

किती खावे?

जागतिक आरोग्य संघटना व अन्नशेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००३ साली एक मर्यादा घालून दिली. शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा, याहून अधिक पोटात जाऊ नये. ती गर्भाचा विचार करून आणि सुरक्षिततेला पुष्कळ जागा ठेवून घातलेली आहे. ती ओलांडताच माणूस आजारी पडतो असे नव्हे. ५० किलो वजनाच्या बाईचा हिशेब करू. तिला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम चालतील. समजा माशात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम पारा आहे. तर दीड किलोहून अधिक मासळी खाल्ली तरी ती मर्यादेत राहते. तेच प्रमाण किलोमागे १ मिलिग्रॅम असलेल्या मोठ्या शिकारी माशाचे असेल, तर ८० ग्रॅमच्या एका तुकडीतच आठवड्याचा शिधा संपतो. ‘मासळी खावी की नाही’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. ‘कोणती मासळी’ हा खरा प्रश्न आहे.

मासळी सोडण्यातही तोटा आहे. मेंदूच्या वाढीला लागणारी स्निग्ध द्रव्ये, उत्तम प्रथिने, आयोडीन हे सारे मासळीतून मिळते. फेरो बेटांवर आया देवमाशाचे मांस खात. तेथील मुलांच्या स्मरणशक्तीवर व भाषेवर पाऱ्याचा सूक्ष्म परिणाम दिसला. सेशेल्स बेटांवर आया समुद्राची साधी मासळी भरपूर खात. तेथे तसा स्पष्ट अपाय दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालतात. मुशी हा शार्कच. लहान जातीची वीतभर मुशी आणि मोठ्या शार्कचे तुकडे यांत फरक आहे खरा. पण गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने मोठा शार्क टाळावा, भल्या मोठ्या सुरमईची वा कुप्याची तुकडी क्वचितच घ्यावी, आणि बांगडा, तारली, बोंबील, पापलेट निःशंकपणे खावेत. आजीबाईंचा हेतू सांभाळून मासा तेवढा बदलायचा आहे. लहान मुलांनाही हाच नियम लागू. पापलेटाच्या मानाने तारली स्वस्त, हा त्यातला आणखी एक फायदा!

मिनामाताच्या नावाने पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला, आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. कागद चांगला आहे. पण मिनामाताने शिकवले ते असे, की १९५९ साली माहिती नव्हती असे नाही. ती लोकांपर्यंत पोचू दिली गेली नाही. म्हणून खाडीच्या गाळाची व मासळीची ठरावीक वेळी तपासणी व्हावी आणि तिचे निकाल कोळीवाड्यातील माणसालाही वाचता येतील अशा मराठीत जाहीर व्हावेत, ही मागणी नागरिकांनी केली पाहिजे. मासळीचा ताजेपणा आपण कल्ले पाहून पारखतो. पारा कल्ल्यात दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच दिसतो. तेथले निकाल मागून घेणे हे आपले काम आहे.