फुटलेल्या महाधमनीला आतून अस्तर

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघून छत्रीच्या मुठीसारखी वळणारी आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरणारी महाधमनी ही आपल्या देहातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. रुंदीला सुमारे एक इंच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब ती जन्मभर सोसते. वय, वाढलेला रक्तदाब आणि विडी-सिगारेट यांनी तिची भिंत कुठे झिजली, की जुन्या सायकलच्या ट्यूबला यावा तसा तेथे फुगा येतो आणि मुकाट्याने वाढत राहतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या फोटोत तो सापडला, तर नशीबच म्हणायचे!

मग एके दिवशी तो फुटतो. छातीत किंवा पाठीत एकाएकी जीवघेणी कळ, घाम, घेरी. पुष्कळांना इस्पितळाची पायरीदेखील दिसत नाही. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र आजूबाजूच्या मांसल आवरणांनी गळती तात्पुरती अडवून धरलेली असते. सारा खेळ त्या तेवढ्या वेळाचा.

पूर्वी अशा रोग्याची छाती बरगड्यांमधून उघडायची, धमनीला चिमटे लावायचे आणि फाटक्या भागाच्या जागी कापडी नळी शिवायची, एवढा एकच मार्ग होता. या नळ्या रूढ करणाऱ्यांत ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डिबेकी अग्रणी. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड (आपल्या टेरिलीनचेच भावंड) आणले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर स्वतः नळ्या शिवल्या! नळी उत्तम, पण आधीच रक्त गमावलेल्या वृद्धाला एवढी चिरफाड सोसावी कशी?

उत्तर निघाले युक्रेनमधल्या खार्किव शहरात. तेथील शल्यवैद्य निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ साली एका रोग्याच्या छातीतल्या महाधमनीला दुखापतीमुळे आलेला फुगा, छाती न उघडता, रक्तवाहिनीच्याच वाटेने नळी नेऊन बंद केला. नळी जागच्या जागी धरायला धातूची नागमोडी स्प्रिंग होती. हकीकत रशियन भाषेत छापली गेली, म्हणून पश्चिमेकडे तिची दखल फार उशिरा घेतली गेली. तिकडे नाव गाजले ते १९९० साली पोटातल्या धमनीवर हाच उपाय करणाऱ्या ब्यूनोस आयर्सच्या हुआन पारोदींचे. वोलोदोसांवर हा थोडा अन्यायच झाला.

आज रोगी येताच सीटी स्कॅनवर धमनीची मापे घेतात. तोवर रक्तदाब मुद्दाम थोडा उतरलेलाच ठेवतात, कारण तो चढला तर गळती वाढते. मग जांघेतल्या धमनीतून बारीक तार वर सरकवतात आणि तिच्यावरून मिटलेल्या छत्रीसारखी घडी केलेली नळी. क्ष-किरणांच्या पडद्यावर जागा नीट जुळली, की आवरण मागे ओढायचे. नळी उमलून दोन्ही टोकांना निरोगी भिंतीला घट्ट बसते. रक्त आता नळीतून वाहते, फुग्यावरचा दाब उतरतो. उघड्या शस्त्रक्रियेच्या मानाने पहिल्या महिन्यात दगावणारे रोगी यात कमी.

मात्र हे काम जादूचे नव्हे. टोकांना निरोगी भिंत शिल्लक नसेल, तर नळी बसणार कशावर? शिवाय मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखा नळीखाली झाकल्या जातात आणि क्वचित रोगी वाचतो, पण पाय लुळे पडतात. हे टाळण्यासाठी कधी कमरेतून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढून तेथला दाब कमी करतात. घरी गेल्यावरही सुटका नाही. टोकाशी फट पडून फुग्यात पुन्हा रक्त शिरू शकते, म्हणून ठराविक काळाने स्कॅन करून घेणे जन्माचे मागे लागते.