मे महिन्यात पालममधून विमान उडवायचं असेल तर? जास्त ताकदीचं इंजिन लावून प्रश्न का सुटत नाही?

परभणी जिल्ह्यातलं पालम. मे महिन्यातली दुपार. पारा ४३ अंशांवर. रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर तासभर चालला की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो. ड्रायव्हर काय करतो? ट्रॅक्टर बाजूला घेतो, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा काढतो आणि थोडा वेळ थांबतो.

आता हेच इंजिन जमिनीपासून तीनशे फूट वर असेल तर? तिथे बाजूला घ्यायला जागा नसते.

पालममध्ये विमानतळ नाही, जवळचा म्हटला तर नांदेडचा. पण दोन माणसांना घेऊन उडणाऱ्या हलक्या विमानांना, म्हणजे लाईट स्पोर्ट एअरक्राफ्टला, मराठवाड्यातलं ऊन कसं छळतं हे समजून घ्यायला पालमइतकं चांगलं उदाहरण नाही.

उन्हाळ्यात पालम महाबळेश्वरपेक्षा उंच होतं

ऐकायला विचित्र वाटेल, पण विमानासाठी हे खरं आहे.

पालमचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर आहे. पण विमानाला नकाशावरच्या उंचीशी देणंघेणं नसतं. हवा किती दाट आहे, एवढंच त्याला कळतं. हवा तापली की फुगते आणि विरळ होते. म्हणून वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ काढतात. म्हणजे आत्ता इथे हवा जेवढी विरळ आहे, तेवढी ती एरवी किती उंचीवर असते, याचा हिशोब.

४०० मीटर उंची आणि ४३ अंश तापमान धरलं तर हे उत्तर साधारण १,५०० मीटर येतं. महाबळेश्वरच्या वर आणि कळसूबाईच्या शिखराच्या थोडं खाली! त्याच दिवशी पहाटे सहाला २७ अंश तापमान असेल तर तीच उंची साडेनऊशे मीटरच्या आसपास येते. जागा तीच, दिवसही तोच, पण विमानासाठी साडेपाचशे मीटरचा फरक.

विरळ हवेचा फटका तीन ठिकाणी बसतो. इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे ताकद ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के घटते. पंखा, म्हणजे प्रोपेलर, विरळ हवेला नीट पकडू शकत नाही. आणि पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो. परिणाम एकच. धावपट्टी जास्त लागते आणि विमान वर चढतं हळू.

मग जास्त हॉर्सपॉवर घ्या की!

कुणालाही हेच सुचेल. जगभरातल्या हलक्या विमानांमध्ये सर्वाधिक दिसणारं इंजिन म्हणजे ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२. त्याच्या पिढ्या पाहिल्या की ताकद वाढवण्याचे सगळे मार्ग कळतात.

पहिलं ९१२ म्हणजे १,२११ सीसी आणि ८० हॉर्सपॉवर. संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ विमानं मागवली. त्यातली ११० एनसीसीसाठी होती. नावातला ८० हा याच ८० हॉर्सपॉवरचा. म्हणजे एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट ज्या विमानात बसतात, त्याचं इंजिन हेच.

पुढे कंपनीने सिलिंडरचा व्यास ७९.५ मिलिमीटरवरून ८४ केला, कॉम्प्रेशन वाढवलं आणि १,३५२ सीसीमधून १०० हॉर्सपॉवर काढली. दुसरा मार्ग टर्बोचा. एग्झॉस्टच्या झोतावर फिरणारं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं, त्यामुळे विरळ हवेची भरपाई होते. ९१४ ने ११५ हॉर्सपॉवर दिली, पण ती सलग फक्त पाच मिनिटं वापरायची. त्यानंतर ९१५ ने १४१ आणि ९१६ ने १६० हॉर्सपॉवर गाठली.

थोडक्यात, मूळ ढाचा तोच आणि ताकद दुप्पट. मग अडचण कुठे आहे?

अडचण उष्णतेची आहे

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ एक तृतीयांश भागच पंखा फिरवायच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. काही एग्झॉस्टमधून जाते, उरलेली इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. ताकद वाढवली की ही उष्णताही वाढते.

रोटॅक्स ९१२ हे काम तीन वाटांनी करतं. सिलिंडरभोवती बुलेटच्या इंजिनासारख्या पट्ट्या असतात, त्या हवेने थंड होतात. सिलिंडरच्या डोक्यांतून, म्हणजे हेडमधून, कूलंट फिरतो. आणि ऑइलसाठी वेगळा कूलर असतो.

आता पालमची दुपार आठवा. रेडिएटर किती उष्णता फेकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ११० अंशांवर आणि बाहेर १५ अंश असतील तर फरक ९५ चा. बाहेर ४३ असतील तर फरक ६७ चाच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. त्यात हवा विरळ, म्हणून आणखी थोडं कमी.

सगळ्यात वाईट वेळ टेकऑफनंतरची. तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, पण विमानाचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरवर येणारा वारा अपुरा असतो. उष्णता सर्वाधिक, थंडावा सर्वात कमी, आणि खाली उतरायला उंचीही नाही.

इंजिन जास्त तापलं की ऑइल पातळ होतं आणि त्याचा दाब पडतो. कूलंट उकळू शकतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसायला लागतात, याला डिटोनेशन म्हणतात, आणि त्यात पिस्टन जातो. म्हणूनच १०० हॉर्सपॉवरच्या ९१२ मध्ये ऑइलची कमाल मर्यादा १३० अंश दिली आहे आणि ५,८०० आरपीएम फक्त पाच मिनिटं वापरायला परवानगी आहे.

रेडिएटर मोठा केला तर?

चालेल, पण वजन वाढतं आणि हवेचा अडथळाही. अमेरिकेच्या मूळ नियमांत लाईट स्पोर्ट विमानाची वजनमर्यादा ६०० किलो होती. दोन माणसं आणि इंधन धरल्यावर तिथे दहा किलोलाही किंमत असते.

शिवाय अनेकजण इंजिनाच्या झाकणाला पुढून मोठं भोक पाडतात आणि तरी तापमान उतरत नाही. कारण हवा आत येऊन भागत नाही, तापलेली हवा बाहेरही जावी लागते. खोलीची एकच खिडकी उघडली तर वारा खेळत नाही, तसंच हे. बाहेर पडायची वाट मोकळी केली आणि रेडिएटरभोवतीच्या फटी बुजवल्या, तर जुनाच रेडिएटर बरंच काम करून जातो. कूलंटमध्ये पाण्याचं प्रमाण योग्य असणंही तितकंच महत्त्वाचं. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ ग्लायकॉलपेक्षा पाण्याचं मिश्रण सरस ठरतं.

पेट्रोल पंपावरचा नवा पेच

८० हॉर्सपॉवरचं ९१२ साध्या पेट्रोलवरही चालतं, ही त्याची मोठी सोय होती. १०० हॉर्सपॉवरवाल्याला कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. पण रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे आणि आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. म्हणजे मराठवाड्याच्या उसापासून बनलेलं इथेनॉल गाडीत चालेल, या विमानात नाही. उरतं ते विमानांचं खास पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस. त्यात शिसं असतं, त्यामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं. उन्हाळ्यात इंधनाच्या नळीत वाफ धरून पुरवठा तुटण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

‘अपग्रेड’ म्हणजे फक्त ताकद नाही

याचं देशी उदाहरण म्हणजे बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान. जुन्या हंसा-३ मध्ये टर्बोवालं ९१४ इंजिन होतं. ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या हंसा-एनजीमध्ये ९१२ मालिकेतलं, टर्बो नसलेलं इंजिन आहे. कागदावर हॉर्सपॉवर कमी झाली. पण कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं. हवा किती विरळ आणि किती गरम आहे ते मोजून इंजिन स्वतःच इंधन ठरवतं, आणि टर्बोची जादा उष्णता नाही. या विमानाच्या उत्पादनाचा परवाना २०२५ मध्ये मुंबईच्या पायोनियर क्लीन अ‍ॅम्प्स कंपनीला मिळाला.

मग दुपारी उडायचंच नाही का?

अनुभवी वैमानिकांचं उत्तर साधं असतं. शक्यतो सकाळी लवकर उडा. धावपट्टीवर थांबावं लागलं तर विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवा. सुरक्षित उंची मिळाली की थोडी ताकद कमी करा आणि नाक जरा खाली घेऊन वेग वाढवा. चढण मंदावते, पण रेडिएटरला वारा मिळतो. आणि विमानात बदल करायचाच असेल तर इंजिन कंपनीच्या मर्यादा आणि डीजीसीएची मंजुरी, या दोन गोष्टी आधी बघा.

पालमच्या शेतकऱ्यालाही हे नवीन नाही. उन्हाळ्यात तोही नांगरट पहाटे उरकतो आणि दुपारी ट्रॅक्टर सावलीला लावतो.