नऊ मीटरची सूट

हायवेवर रात्री कधीतरी ‘पुलर’ आडवा येतो. पुढे लाल झेंडा धरलेला माणूस, मागे डझनावारी चाकांवर गोगलगायीच्या गतीने सरकणारा ट्रान्सफॉर्मर, आणि त्यामागे हॉर्न वाजवून थकलेली रांग. अशा मालाला साधा परवाना पुरत नाही. कुठला पूल वजन झेलेल, कुठली वायर उचलावी लागेल, सगळं आधी कागदावर दाखवून खास परवानगी काढावी लागते. रस्त्याचे नियम नेहमीच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. हा राक्षस त्यांत मावत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आता असं समजा की तो राक्षस किरणोत्सारी आहे.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, रेनियर गावाजवळ ट्रोजन नावाचं अणुवीजकेंद्र होतं. क्षमता 1130 मेगावॅट, सुरुवात 1976 साली. नोव्हेंबर 1992 मध्ये ते बंद पाडण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला आणि जेमतेम आठवडाभरात वाफजनित्राच्या नळीला गळती लागली. जनतेने राखलेलं केंद्र नळीने घालवलं. जानेवारी 1993 मध्ये मालक कंपनी पोर्टलँड जनरल इलेक्ट्रिकने ते कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला: अणुभट्टीच्या पोटातल्या त्या पोलादी पात्राचं करायचं काय?

हे पात्र म्हणजे जाड भिंतींचा, साधारण तेरा मीटर लांबीचा रांजण. इंधन आधीच काढून घेतलेलं होतं. पण वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा खाऊन खुद्द पोलादच किरणोत्सारी झालेलं. सर्वांत तापट भाग आतला, इंधनाला कवटाळून बसणारा पोलादी सांगाडा. सगळं मिळून सुमारे 20 लाख क्युरी किरणोत्सार.

रूढ मार्ग असा, की आतला सांगाडा पाण्याखाली कापायचा, तुकडे पेट्यांत भरायचे आणि डझनावारी ट्रकफेऱ्या करायच्या. प्रत्येक कापणीला कामगारांच्या अंगावर किरणांचा डोस, प्रत्येक फेरीला अपघाताची शक्यता. कंपनीच्या अभियंत्यांनी उलटा विचार केला: कापायचंच नाही. सांगाडा आतच ठेवून पात्रात हलकं काँक्रीट ओतायचं, म्हणजे आतलं काही हलणार नाही. नळ्यांची तोंडं पोलादाने वेल्डिंग करून बुजवायची, मधल्या तापट पट्ट्याभोवती आणखी पोलादी पत्रे चढवायचे, दोन्ही टोकांना धक्का शोषणाऱ्या फोमच्या गाद्या बसवायच्या आणि अख्खी वस्तू बार्जवरून नेऊन पुरायची. कचरा हीच त्याची पेटी. नारळ जसा स्वतःचं खोकं स्वतःच घेऊन येतो, तसं.

अडलं ते पेटीच्या व्याख्येपाशी.

इतका किरणोत्सार नेणाऱ्या पेटीला ‘टाइप बी’ म्हणतात. ही जात आपल्याला परकी नाही. किरणोत्सारी स्रोत पुरवणाऱ्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून विकिरण केंद्रांकडे कोबाल्टचे जे अवजड डबे जातात, ते याच घराण्यातले. या पेटीने काय सोसायला हवं, ते जगभर जवळपास सारखंच ठरलेलं आहे. जराही न दबणाऱ्या पृष्ठभागावर नऊ मीटरवरून, म्हणजे तीस फुटांवरून आपटणं, तेही सर्वांत जास्त इजा होईल अशा कोनात. मग एक मीटरवरून पोलादी खुंटीवर आपटणं. मग 800 अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास. शिवाय पाण्यात बुडवणं.

नऊ मीटर ऐकायला थोडे वाटतात. तिथून पडलेली वस्तू खाली येते ताशी 48 किलोमीटरच्या वेगाने. हायवेवर याहून वेगात गाड्या धडकतात, असं कुणी म्हणेल. पण गाडी धडकते ती दुसऱ्या गाडीला, मातीच्या बांधाला, फार तर पुलाच्या खांबाला. हे सगळं थोडंफार दबतं. चाचणीतली जमीन दबत नाही, म्हणून सगळा मार पेटीलाच खावा लागतो. या आकड्यामागचं शहाणपण तिथे आहे.

परंतु हे शहाणपण ट्रकवर मावणाऱ्या पेट्यांसाठी आहे. ट्रोजनचं पात्र वेष्टनासह सुमारे हजार टन भरत होतं. नऊ मीटरवरून ते पडलं तर ज्या ऊर्जेनिशी आपटेल, ती म्हणजे वीस-वीस टनांचे दहाएक ट्रक ताशी शंभरच्या वेगाने एकाच वेळी भिंतीवर आदळणं. ती झेलणाऱ्या गाद्या बनवायच्या तर त्याच इतक्या अवजड होतील की त्यांना नेण्याची वेगळी पंचाईत. आणि मुळात ही वस्तू नऊ मीटर उंच जाणार होती कुठे? ती आडवी, बार्जच्या डेकवर जखडलेली, आणि पुढे रस्त्यावर बुटक्या, बहुचाकी गाडीवर. मांडवीतून लोहखनिज नेणाऱ्या बार्ज पाहिलेल्या गोवेकराला हजार टन पाण्यावरून जाण्याचं अप्रूप वाटणार नाही.

म्हणून कंपनीने अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे सूट मागितली. ‘सूट’ म्हटलं की आपल्याला दिवाळीतली दुकानं आठवतात, नाहीतर साहेबांच्या ओळखीने मिळालेली सवलत. इथली सूट त्या जातीची नव्हे. आयोगाच्या नियमांतच एक कलम आहे: जीविताला, मालमत्तेला आणि देशाच्या सुरक्षेला धोका पोचणार नसेल, तर आयोग अपवाद करू शकतो. पण धोका पोचणार नाही हे सिद्ध करायचं ते मागणाऱ्याने. नियम पाळणाऱ्याला फक्त ‘पाळला’ एवढंच दाखवायचं असतं. सूट मागणाऱ्याला नियम का होता तेही समजावून सांगावं लागतं, आणि ते ‘का’ दुसऱ्या वाटेने कसं राखलं जाईल तेही. माझ्या मते हे जास्त अवघड आणि जास्त प्रामाणिक काम आहे.

अर्जात नेमकं हेच होतं. आगीची चाचणी नको, असं कंपनीने म्हटलं नाही; तिची मागणी मुख्यतः आपटण्यापुरती होती. नऊ मीटरऐवजी या एका प्रवासात, या एका मार्गावर खरोखर घडू शकेल अशा पडण्याचा हिशेब तिने मांडला. पात्र बार्जवर कसं जखडायचं, बार्ज किती सावकाश न्यायची, कोणत्या हवामानात थांबायचं, अशा बंधनांनी उरलेली बाजू भरून काढली. पेटीच्या ताकदीत जे कमी पडलं, ते प्रवासाच्या शिस्तीत घातलं. शेवटी 1998 च्या हिवाळ्याआधी आयोगाने मंजुरी दिली. ती एका प्रवासापुरती होती.

दुसरा गुंता मात्र मला अजून पटलेला नाही. अमेरिकेत कमी तीव्रतेच्या कचऱ्याचे ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. ‘सी’च्या वरचा माल जमिनीलगतच्या खंदकात सहसा पुरता येत नाही. आतला सांगाडा कापून वेगळा काढला असता तर त्याचे काही भाग ‘सी’च्या वर गेले असते. पण तो पात्राच्या आतच काँक्रीटमध्ये ठेवला आणि अख्ख्या गोळ्याची सरासरी काढली, की सगळं मिळून ‘सी’मध्ये बसत होतं. ज्या वॉशिंग्टन राज्यात हा गोळा पुरायचा होता, तिथल्या आरोग्य विभागाने हा हिशेब मान्य केला. बाजू समजते: काँक्रीट आणि पोलादात कोंडलेला तुकडा सुट्या तुकड्याइतका धोकादायक नसतो. तरीही सरासरी ही गोष्ट नदीच्या खोलीसारखी आहे. सरासरी कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडतो. नऊ मीटरच्या सुटीत आकडा बदलला, पण त्यामागचं कारण राखलं गेलं. इथे वस्तू तीच राहिली, फक्त तिच्याभोवतीची रेघ मोठी काढली गेली.

ऑगस्ट 1999 मध्ये, निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं हे बोचकं बार्जवर चढलं. प्रवाहाविरुद्ध 270 मैल. वाटेत चार धरणं: बॉनव्हिल, द डॅल्स, जॉन डे, मॅकनेरी. प्रत्येक धरणाच्या लॉकमध्ये बार्ज शिरते, दार बंद होतं, पाणी भरतं आणि ती वर चढते. जॉन डेचं लॉक तर सुमारे 110 फूट उचलतं. नियमातल्या तीस फुटांची सूट मागणाऱ्या वस्तूने त्याच्या साडेतीनपट उंची चढावी, यात गंमत आहे. पण ती चढली पाण्यावर तरंगत, दोरीला लटकून नव्हे. सगळा युक्तिवाद या फरकावरच तर उभा होता. रिचलँडजवळ ती काठाला लागली, तिथून बहुचाकी गाडीवरून हॅनफर्डच्या व्यावसायिक कचराभूमीत गेली आणि खंदकात पुरली गेली. वाटेत काही घडलं नाही, त्यामुळे बातमी दोन दिवसांत शिळी झाली.

अख्खं पात्र नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. पेन्सिल्वेनियातल्या शिपिंगपोर्टचं छोटं पात्र 1989 साली पनामा कालव्यातून, पॅसिफिकमार्गे याच हॅनफर्डला आलं होतं. पण हजार मेगावॅटच्या वरचं व्यापारी पात्र, आतल्या सांगाड्यासकट, हे नवं होतं. आणि सगळ्यांचंच नशीब असं नसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेच्या पहिल्या भट्टीचं पात्र समुद्रमार्गे नेण्याचे बेत फिसकटले आणि ते वर्षानुवर्षं समुद्रकाठीच पडून राहिलं. शेवटी 2020 साली ते आधी रेल्वेने आणि मग रस्त्याने युटातल्या क्लाइव्हला गेलं.

ट्रोजनच्या अर्जाने एक वाट मात्र पाडली. 2004 साली आयोगाने वाहतुकीच्या नियमांत नवं कलम घातलं: एकदाच जाणाऱ्या, नेहमीच्या चाचण्यांत बसवणं व्यवहार्य नसलेल्या अवजड मालासाठी खास परवानगी. अट अशी, की एकूण सुरक्षितता नेहमीच्या नियमांनी मिळते तिच्याइतकी तरी हवी. काल जी सूट होती, तिला आज कलमाचा नंबर मिळाला. आंतरराष्ट्रीय नियमावलीत अशा तरतुदीला ‘विशेष व्यवस्था’ म्हणतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 सालच्या आहेत. त्यांची पात्रं कधी बाहेर काढायची वेळ आली, तर अणुशक्तीनगरातल्या नियामक मंडळाच्या टेबलावरही असाच जाडजूड अर्ज येऊन पडेल.

ट्रोजनमध्ये पुढे बरंच पाडकाम झालं. 499 फुटी शीतकरण मनोरा मे 2006 मध्ये सुरुंगाने काही सेकंदांत बसवला. नदीकाठी आता मोकळं रान आहे, आणि त्यात कुंपणाआड उभी 34 पिंपं. त्यांत वापरलेलं इंधन आहे. ते नेण्यासाठी बार्ज मिळेल, रेल्वे मिळेल, लागलीच तर सूटही मिळेल. पण जिथे न्यायचं ती जागाच देशाने अजून ठरवलेली नाही, म्हणून ती तिथेच पहाऱ्यात उभी आहेत.