शटर ओढल्यावर, कार्ड पंच करण्याआधी

चाकणच्या कंपनीत नऊ वर्षं काढून एखाद्याने भोसरीत भाड्याचा गाळा घेतला, बँकेच्या कर्जावर एक व्हीएमसी मशीन उभं केलं आणि जॉबवर्क सुरू केलं, असं धरू. काम मिळत होतं. पैसे मात्र नव्वद-नव्वद दिवसांनी यायचे, आणि पगार, वीजबिल, हप्ता काही थांबत नाहीत. तीन वर्षांत धंदा बसला. आता तो पुन्हा नोकरी शोधतोय. घरातल्या एखाद्या कार्यात ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य त्याला कुणीतरी ऐकवणारच (ऐकवणाऱ्याने स्वतः जन्मात एक बिल फाडलेलं नसतं). त्याला उत्तर देत बसण्यापेक्षा धंद्याचे मागे लोंबणारे धागे आवरलेले बरे.

आधी वसुली, मग टाळं

धंदा गुंडाळताना लोक घाईघाईने चालू खातं बंद करून टाकतात. मग आलेला चेक भरायचा कुठे? पार्टीला कुणकुण लागली की हा आता सुटतोय, तर पैसे आणखी लांबतात. म्हणून पहिलं काम वसुलीचं.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं, असं 2006चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. तक्रारीची वाट लांबची आहे. त्याहून लवकर हलवणारी गोष्ट प्राप्तिकरात आहे. 2023-24पासून असं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदी विभागापेक्षा अकाउंट्सच्या माणसाला फोन करावा, तो लवकर ऐकतो. वसुली संपेपर्यंत उद्यम नोंदणी आणि चालू खातं राहू द्यावं.

कागदावरचं शटर

गाळ्याची चावी परत दिली, डिपॉझिट मिळालं, म्हणजे धंदा बंद झाला असं सरकारच्या लेखी नसतं. जीएसटी क्रमांक चालू असेल, तर एक रुपयाचं काम नसतानाही रिटर्न भरावंच लागतं आणि शून्य रिटर्नलाही उशिराचे दिवसाला 20 रुपये लागतात. आधी तुंबलेली रिटर्नं भरायची, मग नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. शिल्लक माल आणि मशीन यांवर घेतलेल्या क्रेडिटचा हिशोबही तिथे चुकवावा लागतो. यानंतर एक पायरी उरते आणि ती हमखास राहून जाते. अंतिम रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-10, नोंदणी रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख यांतली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांत भरायचं असतं.

व्यवसाय कराचं तसंच. धंद्याच्या नावाने पीटीईसी क्रमांक असेल तर वर्षाचे 2500 रुपये मागितले जातात, आणि नव्या नोकरीत महिन्याला 200 व फेब्रुवारीत 300 असे पगारातून कापले जातात, म्हणजे तेही वर्षाचे 2500च. एका माणसाकडून वर्षाला 2500पेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, ही राज्यघटनेतलीच मर्यादा. पण ती आपोआप लागू होत नाही. जुना क्रमांक आपणच रद्द करून घ्यायचा. गुमास्त्याच्या कार्यालयालाही कळवायचं. प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर प्रकरण याहून बरंच लांबतं, तिथे सीएची फी वाचवू नये.

तोटा पगारातून वजा होत नाही, हे ऐकून अनेकांचा विरस होतो. तो आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण धंद्याच्याच उत्पन्नासमोर, आणि तेही त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. तरी भरावं. पुन्हा कधी काही सुरू केलं तर तो तोटा उपयोगी पडेल.

अनुभवपत्र कोण देणार?

नव्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणारी माणसं मधल्या तीन वर्षांचं रिलीव्हिंग लेटर मागतात. मालक आपणच, मग पत्र कुणाचं? गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटीची रिटर्नं, प्राप्तिकराची रिटर्नं, बँकेचे उतारे, हेच ते अनुभवपत्र. म्हणून नोंदण्या रद्द करण्याआधी सगळं डाउनलोड करून ठेवायचं. जीएसटीच्या नोंदी तशाही वार्षिक रिटर्नच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपाव्याच लागतात.

बायोडेटात ही वर्षं लपवू नयेत आणि फुगवूही नयेत. तीन कामगारांच्या गाळ्याच्या मालकाने ‘फाउंडर अँड सीईओ’ लिहिलं की मुलाखत घेणारा मनात हसतो. ‘मालक, जॉबवर्क वर्कशॉप’ पुरे. त्याखाली आकडे: किती ग्राहक, महिन्याला किती नग, नाकारलेला माल किती टक्के. नोकरीत राहिलेल्या इंजिनिअरला सहसा न येणारी एक गोष्ट याला येते. एका नगाची खरी किंमत किती पडते, हे त्याने स्वतःच्या खिशातून शिकलेलं असतं. मुलाखतीत तेवढं नीट मांडलं तर ‘पुन्हा सोडून जाल का?’ या प्रश्नाची धार कमी होते.

चालू जीएसटी क्रमांक किंवा राहिलेली वसुली रुजू होतानाच एचआरला लेखी कळवावी. दुसरा व्यवसाय करणार नाही, अशी अट बहुतेक नेमणूकपत्रांत असते.

नऊ वर्षं की शून्य?

कंपनी सोडताना पीएफ काढून तो मशीनच्या मार्जिन मनीत घातला, हे नेहमीचंच. पण पीएफबरोबर पेन्शनचाही हिस्सा काढला का, यावर बरंच अवलंबून आहे. ईपीएस पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आपल्या माणसाने तो हिस्सा तसाच ठेवला असेल, तर जुनी नऊ वर्षं धरली जातात आणि नव्या नोकरीत एक वर्ष भरलं की हक्क तयार. काढला असेल तर नऊची शून्य झाली. रुजू होताना फॉर्म 11 भरतात, त्यात जुनाच यूएएन द्यावा. नवा काढून घेतला की पुढे जोडाजोडीत चपला झिजतात. ग्रॅच्युइटीची पाटी मात्र कोरीच, नव्या कंपनीत ती पहिल्या दिवसापासून मोजायची.

मशीन विकण्याआधी

मशीनवर बँकेचा बोजा असतो. ना-हरकत पत्राशिवाय ते विकू नये, घेणारा कितीही रोख दाखवत असला तरी. विकूनही कर्ज उरलंच, तर बँक कधी तडजोडीचा आकडा सुचवते. तो मोहाचा असतो, पण सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो आणि पुढचा घरकर्ज देणारा अधिकारी त्याच शब्दावर थांबतो. पगार सुरू झाल्यावर हप्ते लहान करून पूर्ण फेड होत असेल, तर ती मुदतवाढ मागावी. बँकेत जाताना नेमणूकपत्राची प्रत बरोबर न्यावी. गाळ्याच्या ताळेबंदापेक्षा ती मॅनेजरला जास्त पटते.