भुकेला कोंडा, पण निजेला?

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण सातारा-सांगलीकडच्या घरांत आजही ऐकू येते. खरी भूक लागली की काहीही गोड लागते आणि खरी झोप आली की दगडाचीही उशी चालते, असा तिचा अर्थ. रमजानमध्ये या म्हणीचा पहिला भाग रोज संध्याकाळी पटतो. खजूर आणि घोटभर पाण्याची गोडी रोजेदारालाच कळते. दुसऱ्या भागाचे मात्र तसे नसते. दिवसभर थकलेले शरीर रात्री अंथरुणावर पडते आणि झोप काही येत नाही.

साताऱ्याचा सदर बझार असो वा सांगलीचा खणभाग, रात्रीचे गणित सगळीकडे सारखेच. ईशा आणि तरावीहची नमाज आटोपून माणूस घरी येईपर्यंत दहा वाजून जातात. मग चहा, गप्पा, मोबाइल. पहाटे सहरीसाठी पुन्हा उठायचे. प्रौढ माणसाला साधारण सात तास झोप लागते. इथे पाच तास मिळाले तरी खूप. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार, महामार्गावर खंबाटकी घाट ओलांडणारा ट्रकचालक, दहावी-बारावीचा परीक्षार्थी यांना ही तूट महागात पडू शकते. चालकाची एक डुलकी जिवावर बेतते.

झोप न येण्याची कारणे बहुतेक वेळा ताटात, कपात आणि हातात असतात. इफ्तारला भजी-समोसे भरपूर झाले आणि तरावीहनंतर पुन्हा जड जेवण झाले की पोट कामाला लागते. आडवे होताच छातीत जळजळ सुरू होते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल सहरीच्या सुमारासही शिल्लक राहतो. मोबाइलचा उजेड मेंदूला अजून दिवसच असल्याचे भासवतो आणि झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. शरीरातले हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.

उपाय साधे आहेत आणि त्यातले काही परंपरेतच आहेत. ईशाच्या आधी झोपणे आणि ईशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे पैगंबर साहेबांना पसंत नव्हते, असे हदीसमध्ये येते. वजू करून, अंथरूण झटकून उजव्या कुशीवर निजण्याची शिकवणही तिथेच आहे. रोज त्याच क्रमाने केलेल्या अशा कृती मनाला 'आता दिवस संपला' अशी खूण देतात. दुपारच्या वामकुक्षीला अरबीत 'कैलूला' म्हणतात. जोहरच्या सुमारास वीस-तीस मिनिटांची डुलकी रात्रीची तूट थोडी भरून काढते. मात्र असरनंतर तासभर ताणून दिली, तर रात्रीची झोप उडते. इफ्तार वेळेवर आणि सहरी शेवटच्या वेळेला करणे ही सुन्नत आहे. तीनलाच उठून बसण्यापेक्षा सहरी उशिरा केली, तर अर्धा-पाऊण तास झोप वाढते.

सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि झोपताना हळद-दूध घेण्याची सवय इथे घरोघरी आहे. हळदीने झोप येते असे सिद्ध झालेले नाही. पण चहाऐवजी कोमट दूध घेणे केव्हाही बरे. वीसेक मिनिटे तळमळूनही डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात शांत बसावे आणि पेंग आली की परत यावे. झोपेसाठी स्वतःशी झगडू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही रीत निद्रानाशाच्या उपचारांत आजही वापरतात. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आणखी एक हिशेब बहुतेक घरांत मांडलाच जात नाही. रात्री सगळ्यांत शेवटी भांडी आवरून निजते ती अम्मी आणि पहाटे सगळ्यांत आधी उठून तवा ठेवते तीही अम्मीच. हे चित्र शेजारच्या घरालाही नवे नाही. काकड आरतीसाठी उठणारी किंवा दिवाळीच्या पहाटे सर्वांआधी पाणी तापवणारी आई तिथेही असते. सहरीचे पीठ रात्रीच मळून ठेवणे, मुलांनी ताटे मांडणे, मुलांच्या अब्बांनी भांडी घासणे एवढ्यानेही तिला तासभर झोप मिळू शकते.

रात्ररात्र इबादत करणाऱ्या एका तरुण सहाबींना पैगंबर साहेबांनी समजावले होते की शरीराचाही माणसावर हक्क असतो, डोळ्यांचाही असतो आणि पत्नीचाही असतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस, शब-ए-कद्रच्या जागरणाचे, अजून यायचे आहेत. त्या रात्री जागायच्या असतील, तर आजच्या रात्री घरातल्या प्रत्येकाची झोप व्हायला हवी. अम्मीची सर्वांत आधी.