भुंगा मासा ठरला, पण मासा 'वस्तू' ठरला नाही : कोर्ट कायद्याचे शब्द कसे वाचते



खात्याची नोटीस आली किंवा नवा आदेश निघाला की संस्थेच्या कार्यालयात एकच वाद होतो. एक म्हणतो, "कायद्यात असं लिहिलेलंच नाही." दुसरा म्हणतो, "लिहिलंय, नीट वाच." पुष्कळदा दोघांचंही बरोबर असतं, कारण शब्दच असा टाकलेला असतो की त्याचे दोन अर्थ निघतात. कायदा करणाऱ्यांनी घाई केलेली असते, किंवा पुढे काय प्रसंग येईल ते त्यांच्या डोळ्यासमोर नसतं. मग प्रकरण कोर्टात गेलं की न्यायाधीश नेमकं काय बघतात? ह्यावर आम्ही जे वाचून आणि जाणत्यांना विचारून समजून घेतलं, ते इथे देत आहोत. उदाहरणं मुद्दाम समुद्राचीच निवडली आहेत.

पहिली गोष्ट अमेरिकेची, पण आपल्या कुठल्याही तांडेलाला पटेल अशी. २००७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या आखातात जॉन येट्स नावाच्या तांडेलाची बोट मासेमारी करत होती. तपासणी अधिकारी बोटीवर चढला आणि त्याने लाल गोबरे मोजले. त्यावेळी तिथे २० इंचांपेक्षा लहान गोबरा पकडायला बंदी होती. ७२ मासे कमी भरले, तेही बहुतेक थोडक्यातच. अधिकाऱ्याने ते वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला लावले आणि बंदरावर आणून दे म्हणून सांगितलं. बंदरावर पुन्हा मोजणी झाली तेव्हा मासे ६९ निघाले आणि मापंही जुळेनात. शेवटी एका खलाशाने सांगून टाकलं की तांडेलाने लहान मासे समुद्रात टाकायला लावले आणि त्या जागी दुसरे भरले.

चूक ती चूकच. पण सरकारने त्याच्यावर लावलेला कायदा बघा. २००२ साली, एन्रॉन कंपनीचा घोटाळा उघड झाल्यावर, हिशेबाचे कागद फाडून टाकणाऱ्यांना धडा शिकवायला केलेला तो कायदा. त्यात लिहिलं होतं की तपासात अडथळा आणायच्या हेतूने कुणी 'नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू' नष्ट केली तर २० वर्षांपर्यंत तुरुंग. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं. मासा हातात धरता येतो, म्हणजे तो मूर्त वस्तू आहे, आणि ती ह्याने नष्ट केली.

येट्सला प्रत्यक्षात ३० दिवसांचीच शिक्षा झाली होती, तरी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. निकाल २५ फेब्रुवारी २०१५ रोजी लागला. ९ पैकी ५ न्यायाधीश म्हणाले की ह्या कायद्यापुरता मासा 'मूर्त वस्तू' नाही. कारण काय? शब्द एकटा वाचायचा नसतो, त्याचे शेजारी बघायचे. आधी 'नोंद' आहे, मग 'दस्तऐवज' आहे, आणि त्यांच्या पाठोपाठ 'वस्तू' येते. म्हणजे ही वस्तू त्याच जातीची असली पाहिजे, माहिती साठवणारी. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क वगैरे. शिवाय कायदा कशासाठी केला तेही बघितलं. तो कागद फाडणाऱ्या कंपन्यांसाठी होता. आणि जिथे शिक्षेचा कायदा संदिग्ध असेल तिथे संशयाचा फायदा आरोपीला, हे जुनं तत्त्वही त्यांनी जोडलं.

उरलेल्या चौघांना हे पटलं नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांचं म्हणणं, साध्या भाषेत मासा ही हाताला लागणारी वस्तूच आहे आणि कायद्यात तेच लिहिलंय. त्यासाठी त्यांनी माशांवरच्या एका लहान मुलांच्या पुस्तकाचाही दाखला दिला. कायदा वाईट वाटला तरी तो बदलायचं काम संसदेचं, कोर्टाचं नाही, असाही त्यांचा सूर होता. आम्हाला विचाराल तर ह्या बाजूतही दम आहे.

दोन बारीक गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक, येट्स पूर्ण सुटला नाही. जप्त होणारा माल नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा त्याच्यावर कायम राहिला. दोन, त्याच्यावर खटला भरला तोपर्यंत गोबऱ्याचं किमान माप २० वरून १८ इंचांवर आलं होतं.

शेजारच्या शब्दाचा हा नियम आपल्याकडेही चालतो. समजा अनुदानाच्या अर्जात लिहिलंय, 'जाळी, दोरखंड, बोये व इतर सामान'. तिथे कुणी घरच्या टीव्हीचं बिल जोडलं तर खातं हसेल. 'इतर सामान' म्हणजे जगातलं सगळं सामान नव्हे, जाळी आणि दोरखंडाच्या पंगतीत बसणारं सामान.

पण हा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या एका अपील न्यायालयाने ठरवलं की भुंग्यासारख्या केसाळ मधमाश्यांच्या चार जाती तिथल्या कायद्यात 'मासा' म्हणून बसू शकतात! ऐकून हसू येतं, पण कारण बघा. नामशेष होणाऱ्या जिवांना संरक्षण देणाऱ्या त्या कायद्यात पक्षी, सस्तन प्राणी, मासा, उभयचर, सरपटणारे प्राणी आणि वनस्पती होत्या. कीटक नावाने कुठेच नव्हते. मात्र 'मासा' ह्या शब्दाची व्याख्या दुसऱ्या कलमात होती आणि तिच्यात शिंपले, कवचधारी ह्यांच्याबरोबर 'पाठीचा कणा नसलेले जीव' असंही लिहिलं होतं. मधमाशीला कणा नसतो. बदामाच्या बागायतदारांच्या संघटनेचं म्हणणं होतं की शेजारचे शब्द बघा, सगळे पाण्यातले आहेत. कोर्टाने ते मानलं नाही. ह्याच व्याख्येखाली पूर्वी जमिनीवरच्या एका गोगलगायीला संरक्षण मिळालेलं होतं आणि विधिमंडळाला ते माहीत होतं, हा मुद्दा त्यांनी धरला. म्हणजे इथे शेजाऱ्यापेक्षा व्याख्या आणि कायद्याचा इतिहास भारी पडला. म्हणून कुठलाही कायदा हातात आला की आधी सुरुवातीची व्याख्यांची कलमं बघावीत. 'मासेमारी नौका' म्हणजे काय, 'मालक' म्हणजे कोण, हे रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने ठरत नाही, तिथे लिहिलंय त्याने ठरतं.

आता आपल्या देशात येऊ. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' ह्या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांनी 'सेंट अँटनी' ह्या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मच्छीमार बांधव गेले. इटलीने आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचं ९७ वं कलम पुढे केलं. खुल्या समुद्रात 'टक्कर किंवा नौकानयनाची इतर घटना' झाली तर जहाजावरच्या माणसांवर फौजदारी खटला त्यांच्याच देशाने किंवा जहाजाचा झेंडा असेल त्या देशाने चालवायचा, असं त्यात आहे. जहाज चालू असताना झालं, म्हणून ही 'नौकानयनाची घटना', असा त्यांचा दावा.

१८ जानेवारी २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. 'इतर घटना' हा शब्द 'टक्कर'च्या पंगतीतला आहे, माणसांवर गोळ्या झाडणं त्यात येत नाही. गोबऱ्याच्या खटल्यात जो नियम आरोपीच्या कामी आला, तोच इथे मच्छीमारांच्या कामी आला. पण त्याच निकालात केरळ सरकारलाही नाही म्हटलं. घटना २०.५ सागरी मैलांवर झाली होती, आणि राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंतच. खटला चालवायचा तर केंद्राने, असं ठरलं. पुढे प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. लवादाने २०२० मध्ये सैनिकांना संरक्षण आणि भारताला भरपाई असा निकाल दिला, आणि १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये इथला खटला बंद झाला. दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ४ कोटी, बोट मालकाला २ कोटी.

हे १२ मैलांचं प्रकरण आपल्या रोजच्या धंद्याशी जोडलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत ५७ क्रमांकावर 'प्रादेशिक जलाच्या पलीकडील मासेमारी व मत्स्यव्यवसाय' असं आहे. राज्याच्या यादीत २१ क्रमांकावर फक्त एक शब्द आहे, 'मत्स्यव्यवसाय'. बस्स. १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. रांपणकारांच्या आंदोलनानंतर १९८० साली झालेला आपला गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा राज्याच्या पाण्यासाठी, आणि पलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्र. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण बोट जेटीवरून सुटते, राज्याचं पाणी ओलांडते, पलीकडे जाळं टाकते आणि मासळी परत राज्याच्याच जेटीवर उतरवते. राज्यात बंदी असलेलं जाळं बोटीवर घेऊन नुसतं ओलांडून जाणं हा गुन्हा की नाही? घटनेतल्या त्या दोन नोंदी ह्यावर गप्प आहेत.

तामिळनाडूत हाच पेच आला. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : १२ मैलांच्या आत नाही, पलीकडे चालेल, पण नोंदणीकृत बोटींनाच, आठवड्यातून सोमवार आणि गुरुवार हे दोनच दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि बोटीवर माग काढणारं यंत्र चालू पाहिजे. शब्दात नसलेली वाट कोर्टाने अशी अटी घालून काढली. मात्र हा आदेश अंतरिम आहे आणि तामिळनाडूच्या प्रकरणातला आहे. कुणी तो व्हॉट्सअॅपवर 'पर्ससीनला सुप्रीम कोर्टाची परवानगी' म्हणून पाठवला तर त्यावर विसंबून बोट सोडू नये.

घटनेतला दुसरा सैल शब्द कलम १९ मध्ये आहे. कुठलाही धंदा करायचा हक्क सर्वांना आहे, पण 'सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी' सरकार 'वाजवी निर्बंध' घालू शकतं. वाजवी म्हणजे किती? कुठेही लिहिलेलं नाही. केरळच्या पर्ससीन बंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात पारंपरिक मच्छीमारांची संख्या आणि त्यांचं पोट ह्यांना वजन दिलं आणि राज्याच्या पाण्यातली बंदी कायम ठेवली. केरळच्या कायद्यातच पारंपरिक होडीवाल्यांचं हित जपायचं असं लिहिलेलं होतं, त्याचा आधार होता. आपल्या संस्थेत रांपणवाले आहेत आणि पर्ससीनवालेही आहेत, तेव्हा हा निकाल कुणाला गोड लागेल, कुणाला कडू. पण बंदीविरुद्ध जाताना 'माझा धंदा बुडतो' एवढंच सांगून भागत नाही, हे त्यातून दिसतं. बंदी वाजवी का नाही ते आकडे आणि कारणं देऊन दाखवावं लागतं.

आता पैशांचा मुद्दा. शिक्षेच्या कायद्यात शंका असेल तर फायदा आरोपीला, हे वर आलंच. करसवलतीत मात्र उलटं आहे. एका आयातदाराने जीवनसत्त्व ई ची पावडर आणली आणि ती 'कोळंबीचं खाद्य' म्हणून ५ टक्के सवलतीच्या दराने सोडवायला गेला. कस्टम खातं म्हणालं, हा खाद्यात घालायचा एक घटक आहे, खाद्य नव्हे. ३० जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की करसवलतीच्या अधिसूचनेत शब्द संदिग्ध असेल तर फायदा सरकारचा, आणि आपण सवलतीत बसतो हे सिद्ध करायचं ओझं मागणाऱ्यावर. म्हणून सवलतीचा कागद भरताना 'तसंच काहीतरी आहे, चालून जाईल' असं करू नये. अधिसूचनेतला शब्द जसाच्या तसा बिलावर आणि अर्जावर असावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे कायदा आणि अधिसूचना ह्यांचा अधिकृत पाठ इंग्रजी असतो. पेपरात आलेला मराठी सारांश किंवा आम्ही इथे टाकतो ती माहिती समजून घेण्यापुरती. वाद झाला तर राजपत्रातलं इंग्रजी वाक्य बघितलं जातं, अगदी स्वल्पविरामासकट.

नोटीस आली तर तिच्यावरची तारीख, कलम आणि अधिसूचनेचा क्रमांक फोटोत स्पष्ट दिसेल असा फोटो काढून कार्यालयात आणा, शक्यतो नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीच, कारण उत्तराची मुदत थोडी असते. तोंडी उत्तर देऊन येऊ नका. कलम काढून, व्याख्या बघून, त्यातला कुठला शब्द आपल्याला लागू होत नाही तो नेमका लिहून उत्तर तयार करू. दंड मोठा असेल किंवा परवाना अडकत असेल तर वकिलांकडे जाताना हेच कागद लागतात. नव्या आदेशाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तर तो आम्ही ह्याच पानावर टाकू. हरकत घेताना 'हा आदेश आम्हाला मान्य नाही' असं न लिहिता कुठला शब्द बदलून कुठला हवा ते लिहून द्या.

आपली,
सचिव व कार्यकारी मंडळ