तेलवाहिनीचा ताळेबंद

तेलवाहिनी टाकायची ठरली की तिची लांबी, खर्च आणि नफा यांची चर्चा वर्तमानपत्रांत होते. मात्र त्या तेलाच्या धुराचे देणे कोण फेडणार, ही रक्कम कोणत्याही वहीत मांडली जात नाही. पूर्व आफ्रिकेतील तेलवाहिनीच्या उदाहरणावरून हा हिशेब आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

युगांडात अल्बर्ट सरोवराच्या परिसरात 2006 साली तेलाचे मोठे साठे सापडले. या देशाला समुद्रकिनारा नाही. म्हणून होइमापासून टांझानियातील टांगा बंदरापर्यंत 1,443 किलोमीटरची वाहिनी आखण्यात आली. तिच्यात गुंतवणूक करण्याचा अंतिम निर्णय फेब्रुवारी 2022 मध्ये झाला. भागीदारीत फ्रान्सच्या टोटलएनर्जीजचा वाटा 62 टक्के, युगांडा व टांझानियाच्या सरकारी कंपन्यांचा प्रत्येकी 15 टक्के आणि एका चिनी कंपनीचा 8 टक्के आहे. हे तेल मेणचट असल्याने थंड झाले की घट्ट होते. ते वाहते राहावे म्हणून संपूर्ण वाटेवर सुमारे 50 अंशांपर्यंत गरम ठेवावे लागते.

वाहिनी तर जमिनीखाली असते, मग तिचा हवामानाशी संबंध काय, असे कोणी विचारील. तेल तापवण्यासाठी इंधन लागते हे खरे, पण तो भाग लहान आहे. मोठा भाग तेल जळते तेव्हाचा आहे. एका पिंपात 159 लिटर तेल असते. ते जळाले की त्यातील कार्बन हवेतील प्राणवायूशी मिळतो आणि सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाहिनीतून रोज सुमारे 2,16,000 पिंपे तेल नेण्याचे नियोजन आहे. गुणाकार केला तर रोजचे सुमारे 93,000 टन आणि वर्षाचे जवळजवळ 3 कोटी 40 लाख टन होतात. हा वायू सूर्याची उष्णता धरून ठेवतो आणि त्याचा काही भाग शेकडो वर्षे हवेत राहतो.

व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. कर्ज काढून माग बसवला की सुताला भाव असो वा नसो, हप्ता चुकत नाही. चालू खर्च निघतो तोवर माग चालवावाच लागतो. वाहिनीचेही तसेच आहे. अब्जावधी डॉलर एकदा जमिनीत पुरले की भाव उतरला तरी मालक तेल वाहते ठेवतो. म्हणजे वाहिनी टाकणे हा पुढील वीस-पंचवीस वर्षे तेल जाळण्याचा करार ठरतो. तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखायची तर आधी मंजूर झालेल्यांपलीकडे नवी तेलक्षेत्रे काढण्याची गरज नाही, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मे 2021 मध्ये सांगितले होते. हा सौदा त्यानंतर नऊ महिन्यांनी पक्का झाला.

युगांडाची बाजूही ऐकली पाहिजे. श्रीमंत देशांनी शंभर वर्षे तेल जाळून वैभव मिळवले, आता आमची पाळी आली तर मनाई का, असे तेथील राज्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण या वाहिनीचे तेल मुख्यतः परदेशी विकण्यासाठी आहे आणि सर्वांत मोठा वाटा परदेशी कंपनीचा आहे. वाटेवरील हजारो कुटुंबांच्या जमिनी गेल्या. मोबदला वर्षानुवर्षे रखडल्याच्या त्यांच्या तक्रारी आहेत.

शेजारच्या सोमालिया, इथिओपिया आणि केनियात 2020 ते 2022 या काळात सलग पाच पावसाळी हंगाम कोरडे गेले. लाखो जनावरे मेली, माणसे छावण्यांत आली. माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशा दुष्काळाची शक्यता निदान शंभर पटींनी वाढली, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. या वाहिनीने तो दुष्काळ आणला नाही. तो आजवर जाळलेल्या तेला-कोळशाचा परिणाम होता. पण ज्या सोमाली धनगराने आयुष्यात मोटार घेतली नाही, त्याच्या नावावर ते देणे पडले.

पूर्ण माप देणे ही आमच्या दीनची तालीम आहे. खर्चाची एक रक्कम वहीबाहेर ठेवून ती गरिबाकडून वसूल करणे, ही मापातली काटमारीच होय. जमीन, पाणी व हवा ही अल्लाहची अमानत आहे. म्हणून कोणत्याही मोठ्या योजनेचा नफा कोणी सांगू लागला, तर आमच्या बांधवांनी एवढेच विचारावे : नफा कोणाच्या वहीत, आणि तोटा कोणाच्या?